गळकी मायट्रल झडप: क्लिप लावायची की नवी झडप बसवायची?

मासुंदा (धागाकर्ती)

मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं दार) गळते असं निदान झालं की ठाण्यात घरोघर एकच वाक्य ऐकू येतं: "आता छाती उघडावी लागत नाही, जांघेतून होतं." होतं, पण नेमकं काय होतं असं विचारलं की गाडी अडते. त्या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं येतात. एक म्हणजे मूळ झडप तशीच ठेवून तिच्या दोन पाकळ्या मध्यभागी चिमट्याने जोडणं, ही क्लिप. दुसरं म्हणजे मूळ झडप कडेला दाबून तिच्या जागी घडी घातलेली कृत्रिम झडप उघडणं.

क्लिपची कल्पना शल्यचिकित्सेतूनच आली. मिलानचे ओत्ताव्हिओ अल्फिएरी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही पाकळ्यांच्या कडा मधोमध एका टाक्याने शिवल्या. एका भोकाची दोन भोकं झाली आणि गळती थांबली. तोच टाका कॅथेटरने, म्हणजे शिरेतून सरकवलेल्या नळीने, घालायचा म्हणून मायट्राक्लिप आली. माणसात पहिली २००३ मध्ये बसली. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये तिला मान्यता दिली ती फक्त पाकळ्याच बिघडलेल्या आणि शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांसाठी. हृदय फुगल्यामुळे होणाऱ्या गळतीसाठी २०१९ उजाडलं.

हे दोन गट डोक्यात पक्के असू द्या, पुढची सगळी चर्चा त्यांच्यावर आहे. पहिल्या गटात पाकळी सैल होते किंवा तिला धरून ठेवणारी दोरी तुटते, म्हणजे दोष दाराचा. दुसऱ्यात पाकळ्या धडधाकट असतात, पण डावा खालचा कप्पा फुगल्यामुळे दोऱ्या ताणल्या जाऊन पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत, म्हणजे दोष भिंतीचा. रिपोर्टवर पहिल्याला प्रायमरी किंवा डीजनरेटिव्ह आणि दुसऱ्याला सेकंडरी किंवा फंक्शनल लिहितात. नुसतं 'सिव्हियर एमआर' (तीव्र मायट्रल गळती) लिहिलेला रिपोर्ट अर्धाच समजा.

पारसिक

छान धागा. एक बाळबोध प्रश्न. गळती 'सिव्हियर' कशावरून ठरते? एकाच माणसाचे नौपाड्यातल्या आणि वाशीतल्या लॅबचे रिपोर्ट आठवड्याच्या अंतराने 'मॉडरेट' आणि 'सिव्हियर' असे आलेले पाहिले आहेत. कुणाचं खरं मानायचं?

मासुंदा

दोघांचंही खरं असू शकतं. प्रायमरी गळतीत सिव्हियर म्हणायला साधारण हे आकडे लागतात: गळतीच्या भोकाचं क्षेत्रफळ ०.४० चौरस सेंमी किंवा जास्त, दर ठोक्याला मागे जाणारं रक्त ६० मिलि किंवा जास्त, धारेचा सगळ्यात अरुंद भाग ७ मिमी किंवा जास्त. शिवाय फुप्फुसातून येणाऱ्या शिरांमध्ये रक्त उलटं ढकललं जात असेल तर शंकाच उरत नाही.

आता गंमत बघा. भोकाचं क्षेत्रफळ थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) चित्रात झडपेशी रंगाचा जो अर्धगोल दिसतो त्याच्या त्रिज्येचा वर्ग, गुणिले ६.२८, गुणिले रंग जिथे पलटतो तो वेग, भागिले धारेचा कमाल वेग. पलटण्याचा वेग ४० सेंमी आणि धारेचा वेग सेकंदाला ५०० सेंमी धरा. त्रिज्या १ सेंमी मोजली तर उत्तर ०.५०. तीच ९ मिमी मोजली तर ०.४१, आणि ८ मिमी मोजली तर ०.३२. म्हणजे कर्सर एक-दोन मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की 'सिव्हियर'चा 'मॉडरेट' होतो. फंक्शनल गळतीत भोक गोल नसतं, चंद्रकोरीसारखं लांबट असतं, त्यामुळे तिथे हे गणित बहुधा कमीच दाखवतं.

दुसरं कारण रक्तदाब. लघवीच्या गोळ्या घेऊन दाब १०० वर आलेल्या माणसाची आणि १६० दाब असलेल्या त्याच माणसाची गळती सारखी दिसणारच नाही. म्हणून इको करताना त्या वेळचा रक्तदाब रिपोर्टवर लिहून घ्या. फुकटचं काम आहे, पण बऱ्याच ठिकाणी होत नाही.

उपवन

वाचनखूण साठवली. रक्तदाबाचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता.

येऊरचा वाघ

क्लिप बसते कशी ते लिहितो, म्हणजे कुठे फसते तेही कळेल.

उजव्या जांघेतल्या शिरेतून मार्ग. शिरेतून, धमनीतून नव्हे. नळी २४ फ्रेंच, म्हणजे ८ मिमी जाड. ती उजव्या वरच्या कप्प्यात नेऊन दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने भोक पाडून डावीकडे जायचं. सगळ्या कामाचं भवितव्य या भोकावर असतं. ते पडद्याच्या वरच्या-मागच्या भागात, झडपेच्या कड्यापासून ४ ते ४.५ सेंमी उंचीवर हवं. फंक्शनल गळतीत पाकळ्या खाली ओढलेल्या असतात, म्हणून तिथे ३.५ च्या आसपासही चालतं. भोक फार खाली पडलं तर क्लिप वळवायला जागा उरत नाही आणि पुढचा तासभर सगळे घाम गाळतात. अशा वेळी भोक नव्याने पाडणं हाच शहाणपणा.

भोक पडलं की हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देऊन रक्त गोठण्याची वेळ २५० सेकंदांच्या वर ठेवायची. नळीतली हवा पूर्ण काढायची, कारण डावीकडे गेलेला बुडबुडा थेट मेंदूत किंवा हृदयाच्या धमनीत जाऊ शकतो. क्लिप झडपेच्या वर आणून तिचे हात उघडायचे आणि अन्ननलिकेतून घेतलेल्या त्रिमितीय चित्रात ते पाकळ्यांच्या मिलनरेषेला काटकोनात आणायचे. मग खालच्या कप्प्यात उतरायचं, हात साधारण १२० अंशांवर ठेवून हळू वर ओढायचं. दोन्ही पाकळ्या हातांवर टेकल्या की वरून दातेरी पट्ट्या सोडायच्या आणि क्लिप मिटायची.

हातांची लांबी दोन प्रकारची: ९ मिमी आणि १२ मिमी. रुंदी ४ किंवा ६ मिमी. असे चार प्रकार होतात, एनटी, एनटीडब्ल्यू, एक्सटी, एक्सटीडब्ल्यू. छोट्या हातात पाकळी निदान ६ मिमी आणि लांब हातात ९ मिमी आत गेलेली दिसली पाहिजे. याहून कमी गेली आणि 'चालेल' म्हणून सोडली की एक पाकळी सुटते आणि क्लिप दुसरीवर लोंबकळत राहते. मग गळती पहिल्यापेक्षा वाईट. शेजारी दुसरी क्लिप लावून कधी सावरता येतं, कधी छाती उघडावी लागते.

सोडेपर्यंत सगळं उलटं करता येतं. खालून परत वर यायचं तर हात पूर्ण उलटे वळवून यायचं, नाहीतर दोऱ्यांत अडकते. सोडली की संपलं, परतीची वाट नाही.

सीवूड्स_भूल

वाघोबांच्या वर्णनात एक सापळा राहिला. भूल दिली की रक्तदाब उतरतो आणि गळती आपोआप कमी दिसते. ९० च्या दाबावर बघून "वा, सुंदर निकाल" म्हणून क्लिप सोडली आणि रुग्ण जागा होऊन दाब १४० झाला की तीच गळती पुन्हा हजर. म्हणून सोडण्याआधी औषधाने दाब रुग्णाच्या नेहमीच्या पातळीवर आणून मगच उरलेली गळती बघायची. डाव्या वरच्या कप्प्यातल्या दाबाचा आलेख समोर ठेवला तर तो खोटं बोलत नाही. गळतीमुळे उठणारी 'व्ही' लाट बसली पाहिजे.

दुसरी बाजू अरुंदपणाची. दोन पाकळ्या जोडल्या म्हणजे रस्ता लहान झाला. सुरुवातीलाच झडपेचं उघडं क्षेत्रफळ ४ चौरस सेंमीच्या आसपास हवं. क्लिप लावल्यावर झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक ५ मिमी पाऱ्याच्या वर जाऊ नये, असं सर्वसाधारण धोरण. पण हा आकडा नाडीच्या ठोक्यांबरोबर बदलतो. ६० च्या गतीला ४ आलेला फरक ९५ ला ७ होऊ शकतो. आकड्याशेजारी नाडी लिहिलेली नसेल तर तो आकडा अपुरा.

आणि अन्ननलिकेतला प्रोब (इकोची नळी) दोन-तीन तास आत राहतो. घास अडकतो का, रक्ताची उलटी कधी झाली होती का, लिव्हरचा जुना आजार आहे का, हे भूलतज्ज्ञाला न विचारताही सांगा. लोक "तो पोटाचा विषय, हृदयाशी काय संबंध" म्हणून गप्प बसतात.

वाशी_शल्य

हे सगळं ठीक. पण पाकळी सैल आहे, वय ६२ आहे, किडनी-फुप्फुसं चांगली आहेत, तर क्लिपचा विषय काढू नका. मागच्या पाकळीच्या मधल्या भागाचा दोष असेल तर अनुभवी हातात शस्त्रक्रियेने ती झडप दुरुस्तच होते, बदलावी लागत नाही. सैल तुकडा काढायचा किंवा गोरटेक्सच्या (कृत्रिम धाग्याच्या) नव्या दोऱ्या लावायच्या, आणि कड्याला रिंग घालायची. क्लिपमध्ये रिंग नसते. फुगलेलं कडं फुगलेलंच राहतं.

क्लिप आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या एव्हरेस्ट-२ चाचणीत हेच दिसलं. पहिल्या वर्षात क्लिप गटातल्या २० टक्के रुग्णांना झडपेसाठी शस्त्रक्रिया करावी लागली, शस्त्रक्रिया गटात पुन्हा करावी लागलेले २ टक्के. पाच वर्षांनी हे आकडे २७.९ आणि ८.९ झाले. तेव्हाच्या क्लिप जुन्या पिढीच्या होत्या हे मान्य, पण दिशा स्पष्ट आहे. आणि क्लिप फसल्यावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर पाकळीचा चोळामोळा झालेला असतो. मग दुरुस्तीची संधी बहुतेक वेळा गेलेली असते, झडप बदलावीच लागते. 'आधी क्लिप लावून बघू, नाही जमलं तर ऑपरेशन आहेच' हे वाक्य म्हणून मला धोक्याचं वाटतं.

पारसिक

म्हणजे क्लिप फक्त म्हाताऱ्यांसाठी?

मासुंदा

वयापेक्षा घडण महत्त्वाची. शल्यजींनी सांगितलेलं प्रायमरी गटाला लागू. फंक्शनल गटात गणित उलटं फिरतं, कारण तिथे पाकळ्या चांगल्या आणि स्नायू आजारी, शस्त्रक्रियेचा फायदाही मर्यादित.

या गटावर २०१८ मध्ये महिन्याभराच्या आत दोन चाचण्या आल्या आणि उत्तरं विरुद्ध निघाली. फ्रान्सच्या मित्रा-एफआरमध्ये ३०४ रुग्ण, वर्षभरात क्लिपचा फायदा शून्य. अमेरिकेच्या कोऑप्टमध्ये ६१४ रुग्ण, दोन वर्षांत मृत्यू ४६.१ टक्क्यांवरून २९.१ टक्क्यांवर. सगळे चक्रावले. बारकाईने पाहिल्यावर कळलं की रुग्णच वेगळे होते. कोऑप्टमध्ये गळती मोठी (भोक सरासरी ०.४१ चौरस सेंमी) आणि कप्पा तुलनेने कमी फुगलेला. मित्रा-एफआरमध्ये गळती लहान (०.३१) आणि कप्पा खूप फुगलेला. कप्पाच एवढा मोठा झाला की गळती ही त्याची सावली उरते, सावलीला क्लिप लावून काय होणार?

तिसरा फरक औषधांचा. कोऑप्टमध्ये पूर्ण मात्रेत औषधं देऊनही गळती टिकली तरच रुग्ण घेतले. म्हणून विचारायचा प्रश्न असा: अशक्त हृदयासाठीची चारही गटांची औषधं (सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा त्याच्या जातीचं, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन) झेपेल तेवढ्या मात्रेत निदान तीनेक महिने झाली का? ईसीजीत डावा बंडल ब्लॉक (डाव्या बाजूच्या वायरिंगमधला अडथळा) असेल तर सीआरटी पेसमेकरचा (दोन्ही खालच्या कप्प्यांना एकत्र ठोका देणाऱ्या) विचार झाला का? या दोन गोष्टींनीच काहींची गळती एक पायरी उतरते.

कोऑप्टच्या निकषांत पंपिंग (रिपोर्टवर ईएफ) २० ते ५० टक्के, आकुंचनाच्या शेवटी कप्प्याचा व्यास ७० मिमीपर्यंत, फुप्फुसाचा दाब ७० पर्यंत असं होतं. रिपोर्ट हातात घेऊन हे तीन आकडे शोधा.

येऊरचा वाघ

+१. पुढे २०२४ च्या रिशेप-एचएफ२ चाचणीतही फंक्शनल गटात क्लिपच्या बाजूनेच कौल आला, आणि त्यात गळती कोऑप्टपेक्षा कमी होती. त्यामुळे 'सावली'चा सिद्धांत अगदी दगडावरची रेघ समजू नका.

पारसिक

दुसऱ्या बाजूबद्दल कुणीच बोलत नाही. चिमटा लावून थोडी गळती ठेवण्यापेक्षा नवी झडपच घातली तर गळती शून्य. इंजिनिअरला तरी तेच पटतं. महाधमनीची झडप जांघेतून सर्रास बदलतात, मग मायट्रलला काय अडचण?

मासुंदा

अडचणींची रांग आहे. महाधमनीची झडप गोल असते आणि म्हातारपणी तिच्यावर चुना साचतो, त्या चुन्यात नवी झडप घट्ट रुतते. मायट्रलचं कडं मोठं, इंग्रजी डी अक्षरासारखं, दर ठोक्याला आकार बदलणारं, आणि गळक्या झडपेत चुना बहुधा नसतो. रुतणार कुठे? शिवाय आकुंचनाच्या वेळी तिच्यावर पूर्ण रक्तदाबाचा धक्का बसतो.

म्हणून प्रत्येक कंपनीने वेगळी युक्ती काढली. टेंडाइन ही झडप छातीत बरगड्यांमधून छोटा छेद घेऊन हृदयाच्या टोकातून घालतात आणि आतून एका दोरीने टोकावरच्या गादीला बांधतात, पतंग खुंटीला बांधावा तशी. तिला युरोपची मान्यता २०२० ची. सेपियन एम३ मध्ये आधी पाकळ्यांभोवती आणि दोऱ्यांभोवती धातूचं वेटोळं घालतात, मग त्याच्या आत झडप फुगवतात. ही जांघेतून, पडद्याला भोक पाडून जाते.

पण सगळ्यात मोठा अडसर शेजारचा. मायट्रलची पुढची पाकळी हीच महाधमनीकडे जाणाऱ्या रस्त्याची भिंत आहे. नवी झडप बसली की ती पाकळी कायमची त्या रस्त्यात ढकलली जाते आणि रक्ताला बाहेर पडायला चिंचोळी गल्ली उरते. सीटी स्कॅनवर संगणकात आभासी झडप बसवून ही उरलेली गल्ली मोजतात. ती १.७ चौरस सेंमीच्या खाली येत असेल तर जीवघेणा अडथळा होण्याची भीती. पाकळी विजेच्या तारेने मधोमध चिरणं, किंवा आधी अल्कोहोल टोचून मधला जाड स्नायू बारीक करणं, असे उपाय आहेत, पण तो आणखी एक धोका. तपासलेल्यांपैकी बरेच रुग्ण या सीटीतच बाद होतात.

वाशी_शल्य

आणि बसलीच तर पुढचं ऐका. मायट्रलमधून रक्त संथ वाहतं, तिथे गुठळी लवकर धरते. म्हणून निदान तीन ते सहा महिने वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी), आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं याचा आकडा) २ ते ३. एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) असेल तर रक्त पातळ करणारं औषध कायम. क्लिपला तसं नाही, बहुतेकांना काही महिने ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल पुरतं.

झडपेच्या कडेने बारीक फट राहिली तर धार इतक्या जोरात जाते की तांबड्या पेशी फुटतात. हिमोग्लोबिन उतरतं, रक्ततपासणीत एलडीएच (पेशी फुटल्याची खूण) वाढतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते. इकोवर 'माइल्ड लीक' आणि रुग्ण पांढराफटक, असं दिसलं तर हेच डोक्यात यावं.

सीवूड्स_भूल

एक फरक दोन्ही बाजू विसरतात. अर्धवट बरं करण्याचाही फायदा असतो. आजारी कप्पा वर्षानुवर्षं अर्धं रक्त हलक्या दाबाच्या कप्प्यात मागे टाकत होता. गळती एका क्षणात शून्य झाली की सगळं रक्त महाधमनीच्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. काहींचा कप्पा त्याच रात्री थकतो आणि पंपिंग घसरतं. हे दोन्ही पद्धतींत होतं. पण उरलेल्या किंचित गळतीला 'अपयश' म्हणून लगेच दुसरी-तिसरी क्लिप लावण्याआधी हे आठवावं.

नेरुळकर

मुद्दा बदलतो, माफ करा. आपल्याकडे झडपेचे कितीतरी रुग्ण लहानपणीच्या सांधेतापाचे असतात. त्यांना यातलं काय?

वाशी_शल्य

मुद्दा बदलला नाही, हाच इथला मुख्य मुद्दा आहे. परदेशी लेख वाचून नेमका हा सुटतो. संधिवातज्वराने, म्हणजे त्याच सांधेतापाने, पाकळ्या जाड आणि आखूड होतात, कडा चिकटतात, दोऱ्या आक्रसतात. झडप गळतेही आणि अरुंदही असते. अशा झडपेला क्लिप म्हणजे आधीच चिंचोळ्या दाराला मधोमध खांब. पकडायला मऊ पाकळीही मिळत नाही. बहुतेकांना क्लिप नाकारली जाते आणि ते योग्यच आहे.

मुख्य त्रास अरुंदपणाचा असेल आणि गळती किरकोळ असेल तर कॅथेटरने फुगा फुगवून झडप रुंद करायची. गळती जास्त असेल तर फुगा घालायचा नाही, तो ती वाढवतो. तिथे शस्त्रक्रिया. तरुण रुग्णाला धातूची झडप, त्यावर जन्मभर वॉरफरिन आणि आयएनआर २.५ ते ३.५. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या इथे चालत नाहीत, त्यांतल्या डॅबिगॅट्रानची धातूच्या झडपेवरची चाचणी त्रास वाढल्याने थांबवावी लागली होती. प्राण्यांच्या ऊतीची झडप मायट्रल जागी साधारण १० ते १५ वर्षं टिकते, तरुणात कमी.

आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन ज्यांना लिहून दिलंय त्यांनी झडपेचं काम झालं म्हणून ते स्वतःहून थांबवू नये. उरलेल्या झडपा अजून त्याच घरात आहेत.

येऊरचा वाघ

याच रुग्णांना कॅथेटरने झडप बदलण्याचा सगळ्यात सरळ मार्ग उघडतो हे गमतीशीर आहे. ऊतीची झडप १२ वर्षांनी झिजली की तिच्याच आत नवी झडप फुगवता येते. जुनीची गोल चौकट तयार असते, रुतायचा प्रश्नच मिटतो. सेपियन ३ या फुगवायच्या झडपेला एफडीएने २०१७ मध्ये या कामासाठी मान्यता दिली. वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हॅल झडपही अशी वापरली गेली आहे, तिच्यात २० ते ३२ मिमी दरम्यान दीड-दीड मिमीच्या पायऱ्या मिळतात.

फक्त एक विनंती. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं झडपेचं कार्ड जपून ठेवा. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर असतो. २७ नंबरची झडप म्हणजे आतून २७ मिमी नव्हे. मॉडेलनुसार आतलं माप वेगळं, आणि नवी झडप त्या आतल्या मापावर निवडतात. कार्ड हरवलं तर सीटीवरून अंदाज बांधत बसावं लागतं.

उपवन

ट्रायकस्पिडचं, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेचं काय? पायावर सूज, पोटात पाणी, रोज लघवीची गोळी, यावर हल्ली क्लिप निघाल्याचं ऐकलं.

मासुंदा

निघाली, आणि तिथे क्लिप विरुद्ध नवी झडप ही तुलना खरी रंगते. ट्रायकस्पिडला सहसा तीन पाकळ्या, कधी चार. फट मोठी असते. पाकळ्यांमधलं अंतर ७ मिमीच्या आत असेल तर क्लिप सोपी, ८.५ च्या पुढे अवघड. पेसमेकरची तार पाकळीला खिळवून ठेवत असेल तर आणखी अवघड.

ट्रायक्लिपच्या (ट्रायकस्पिडसाठीच्या क्लिपच्या) २०२३ च्या ट्रिल्युमिनेट चाचणीत ३५० रुग्ण होते. महिन्याभरात ८७ टक्क्यांची गळती मॉडरेट किंवा त्याखाली आली, नुसत्या औषधांवर असलेल्यांत ४.८ टक्क्यांची. वर्षभरात मृत्यूत फरक नव्हता, रुग्णांनी सांगितलेल्या रोजच्या जगण्यात होता.

नवी झडप, इव्होक, गळती जवळजवळ पूर्ण बंद करते. एफडीएची मान्यता फेब्रुवारी २०२४. पण तिच्या चाचणीत तीव्र रक्तस्राव १५.४ टक्के, औषध गटात ५.३. शिवाय हृदयाची वायरिंग तिथूनच जात असल्याने साधारण सहापैकी एकाला नवा पेसमेकर लागला. क्लिपला फट झेपत असेल तर आधी क्लिप, फट फार मोठी असेल तर झडप, असा माझा कल. पण ट्रायक्लिप लावल्यावर पुढे इव्होक बसवणं कठीण होतं, म्हणून 'आधी हे, मग ते' हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडायचा.

कोपरखैरणे

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. यंत्राची किंमतच बिलाचा मोठा भाग असते. दरपत्रक घेताना तीन गोष्टी लेखी मागा: पॅकेजमध्ये एकच क्लिप धरली आहे की लागतील तेवढ्या, क्लिप बसलीच नाही तर उघडलेल्या यंत्राचं बिल कोण भरणार, आणि त्याच वेळी छाती उघडायची वेळ आली तर दर काय.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि शस्त्रक्रियेने झडप बदलणं त्यात बसतं. क्लिपचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी लेखी विचारून घ्या, गृहीत धरू नका. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड भरती होण्याआधी द्या, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. पण महागड्या यंत्रासाठी त्यांच्या निर्धन रुग्ण निधीत तेवढी शिल्लक लागते, ती समाजसेवा अधीक्षकाकडे विचारा.

विम्याच्या पूर्वमंजुरी पत्रात यंत्राचं नाव हवंच. 'कार्डियाक प्रोसिजर' एवढंच लिहिलं की दावा अडकतो. खारघरच्या संजीवनी रुग्णालयाबद्दल वारंवार विचारणा होते: ते लहान मुलांच्या जन्मजात हृदयदोषांसाठी आहे, आजोबांच्या झडपेसाठी नाही.

पारसिक

क्रिएटिनिन २.२ असेल, म्हणजे किडनी कमजोर असेल तर?

सीवूड्स_भूल

इथे क्लिपचा मोठा फायदा. सगळं काम इकोवर चालतं, डायची (शिरेतून टोचायच्या, किडनीवर भार टाकणाऱ्या द्रवाची) गरज जवळपास नसते. नवी झडप बसवायची तर आधी डाय देऊन सीटी लागतो, त्याशिवाय माप काढता येत नाही. कमी डायमध्ये सीटी करता येतो, पण ते आधी सांगून ठरवावं लागतं. तो आकडा लपवू नका, पहिल्याच भेटीत पुढे करा.

नेरुळकर

क्लिप लावल्यावर एमआरआय चालतो का? आणि दात काढायचा असेल तर?

येऊरचा वाघ

एमआरआय चालतो, १.५ आणि ३ टेस्लाच्या मशीनवर, ठरावीक अटींसह. कार्ड दाखवायचं. दात काढण्याआधी ३० ते ६० मिनिटं अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर पर्यायी औषध. क्लिप असो की झडप, दोन्हीला. दातांच्या डॉक्टरांना आपणहून सांगा, फॉर्मवर तो रकाना नसतो.

पारसिक

शेवटचं. दुसरं मत घ्यायला परळला जायचं झालं तर काय काय न्यायचं?

मासुंदा

रिपोर्टचा कागद कमी महत्त्वाचा, हलती चित्रं जास्त. अन्ननलिकेतून केलेल्या इकोच्या मूळ फायली सीडी किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, लॅब सोडण्याआधीच, कारण काही मशीनवर जुनी चित्रं लवकर पुसली जातात. त्यात झडपेचं वरून दिसणारं त्रिमितीय दृश्य, दोन्ही पाकळ्यांची लांबी आणि झडपेचं उघडं क्षेत्रफळ हवं. सोबत ईसीजी, औषधांची यादी मात्रेसकट, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. आणि स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून 'क्लिप बसेल का' असं विचारू नका. एका थांबलेल्या चित्रात झडप बंद आहे की उघडी आहे हेही धड कळत नाही.